वाखाची दुसरी जुडी

घायपाताच्या पानाकडे कोणी प्रेमाने पाहत नाही. बांधाच्या कडेला, मुरमाड जमिनीत, जिथे दुसरे काही रुजण्याचा संभव नाही तिथे ते उभे असते, आणि त्याच्या टोकाच्या काट्यात कोणाचे धोतर अडकले तरच त्याची आठवण निघते. प्राध्यापक श्रीमंत वाळुंज यांनी मात्र आयुष्यातली अकरा वर्षे त्या पानाच्या सेवेत घातली होती. पान ठेचावे, पाण्यात कुजवावे, खरवडावे, म्हणजे त्यातून केसासारखा जो तंतू निघतो त्याला वाख म्हणतात. वाखाचे दोर होतात, दावी होतात, बैलांचे कासरे होतात. श्रीमंतसरांना त्याच वाखात एक निराळा गुण दिसला होता. नीट धुतलेला वाख बोटभर लांबीच्या काचेच्या नळीत भरला आणि त्यावरून चहा, ताक, उसाचा रस असे कोणतेही पेय थेंबाथेंबाने जाऊ दिले, तर पेयातली साखर, रंग, गंध सारे खाली निघून जाते. पेयात दडलेला धातूचा अंश मात्र त्या तंतूला बिलगून राहतो. मग सौम्य आम्लाच्या चार थेंबांनी तो अंश सोडवून घ्यायचा आणि महाविद्यालयातल्या यंत्राच्या ज्योतीत धरायचा, की त्याचे नेमके मोजमाप हाती येते.

या कामाला परदेशी बनावटीची महागडी नळी लागत नाही, आपल्या बांधावरचे उपेक्षित पान पुरते, ही गोष्ट सांगताना सरांचा आवाज थोडा ओला होत असे. त्यांच्या निवृत्तीला एक वर्ष उरले होते. नगरच्या सावेडीतल्या त्यांच्या घरी देवघराच्या शेजारच्या कोनाड्यात अगदी पहिल्या वर्षीची वाखाची जुडी रेशमी धाग्याने बांधून ठेवलेली होती. त्यांच्या पत्नीने ती तिथे ठेवली होती, आणि सरांनी ती कधी हलवली नव्हती.

यंदाच्या फेब्रुवारीत त्यांनी आपल्या जन्मगावाकडचा रस्ता निवडला. राहुरीपासून देवळाली प्रवरेपर्यंत ज्या सहा रसवंत्या होत्या, त्या साऱ्यांचा रस तपासायचा असे ठरले. पाच रसवंत्या विजेच्या यंत्रावर चालत. सहावी कमरुद्दीनभाईंची. त्यांच्याकडे अजून बैलाचा चरक होता. बैल फिरे, घुंगरू वाजत, लोखंडी लाटांमधून, त्या जाड रुळांमधून, ऊस पिळला जाई. कमरुद्दीन आणि श्रीमंत सातवीपर्यंत एका बाकावर बसलेले. पुढे एकाने वडिलांचा चरक धरला, दुसऱ्याने पुस्तक. त्या चरकाचा रस श्रीमंतसरांनी बालपणापासून प्यायला होता, आणि म्हणूनच तो नमुना त्यांनी सर्वांत शेवटी, एखादा गोड घास राखून ठेवावा तसा, राखून ठेवला होता.

पहिल्या पाच नमुन्यांत दोष निघाला नाही. सहाव्यात शिसे निघाले.

सरांनी तो नमुना तीन वेळा लावून पाहिला. तिन्ही वेळा आकडा तोच आला. त्यांना वाईट वाटले, पण त्या वाईट वाटण्याखाली दुसरी एक भावना होती, आणि ती आनंदाची होती. अकरा वर्षे ज्या तंतूची पूजा केली, त्या तंतूने प्रथमच खरोखरीचे काही पकडले होते. मग कारणाचा शोध सुरू झाला, आणि विद्वानाला कारण सापडायला वेळ लागत नाही. चरक जुना, त्याच्या आसाजवळचे ओतीव धातूचे कडे झिजलेले. त्यातूनच शिसे रसात उतरत असणार. ते कडे त्यांनी खरवडून तपासले मात्र नाही. इतके सुसंगत कारण तपासावे असे त्यांच्या मनात आले नाही.

अठ्ठावीस फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, देवळालीच्या एका शाळेच्या सभागृहात त्यांचे व्याख्यान झाले. त्यांनी काचेची नळी उंच धरून दाखवली. यंत्रावरच्या पाचही रसवंत्यांचा रस निर्मळ आहे, शिसे सापडले ते बैलाच्या चरकाच्या रसात, असे त्यांनी सांगितले, आणि जुने म्हणून सारेच शुद्ध असते हा आपला भाबडा समज आहे, असेही वर जोडले. कोणाचे नाव घेतले नाही, याचे त्यांना समाधान होते. साऱ्या पंचक्रोशीत बैलाचा चरक एकच होता, हे सभागृहातल्या लहान पोरालाही ठाऊक होते. टाळ्या झाल्या, वर्तमानपत्रात छायाचित्र आले, आणि एक मे रोजी त्याच सभागृहात त्यांचा नागरी सत्कार करण्याचे ठरले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सरांनी या कामावरचा शोधनिबंध लिहायला घेतला. आकड्यांचे तक्ते करण्याचे काम निकिताकडे होते. निकिता जाधव त्याच विभागात चार वर्षांपासून शिकवत होती. बोलणे मोजके आणि नजर करडी. तक्ता करता करता ती थांबली आणि तिने सरांना विचारले की सहाव्या नमुन्याच्या दिवशी कोरी नळी लावली होती ती कोणत्या पानावर नोंदली आहे.

कोरी नळी म्हणजे नुसत्या शुद्ध पाण्याची चाचणी. वाख भरलेल्या नळीतून रसाऐवजी शुद्ध पाणी सोडायचे आणि वाखाच्या अंगचे स्वतःचे काही उतरते का ते आधी पाहायचे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे शिकवतात. सरांनी ते तीस वर्षे शिकवले होते.

त्यांनी वही पाहिली. फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी कोरी नळी लावलेली होती, निर्दोष होती. पाच नमुन्यांनंतर त्या वेळची जुडी संपली. सहाव्यासाठी नवी जुडी उघडली. नव्या जुडीची कोरी चाचणी वहीत कुठेच नव्हती.

"राहून गेली असेल," सर म्हणाले. "त्या वेळी बाहेरगावचे पाहुणे प्रयोगशाळा पाहायला आले होते. गडबड होती."

"आम्लाने धुतलेलीही दिसत नाही, सर," निकिता वहीवरून नजर न उचलता म्हणाली. "पहिली जुडी तीनदा धुतल्याची नोंद आहे."

सरांना आठवले. ती दुसरी जुडी इतकी शुभ्र होती, की तिला धुवावे असे वाटलेच नव्हते. मोगऱ्याच्या गजऱ्यासारखी पांढरी. काचेच्या नळ्यांत भरून ओळीने उभी केली तेव्हा पाहुण्यांतल्या एका बाईंनी तिचे छायाचित्र काढले होते.

जुडीतला थोडा वाख अजून शिल्लक होता. निकिताने नळी भरली, शुद्ध पाणी सोडले, आम्लाचे चार थेंब घातले आणि यंत्राची ज्योत पेटवली. तिने पडदा सरांच्या बाजूला वळवला. रसाचा एक थेंबही न लागलेल्या त्या वाखातून जेवढे शिसे आले, ते कमरुद्दीनभाईंच्या माथी मारलेल्या शिशाएवढेच होते; किंचित अधिकच.

निकिताने कागद छापून घेतला, त्यावर तारीख घातली आणि स्वाक्षरीसाठी सरांपुढे ठेवला. स्वाक्षरी करताना श्रीमंत वाळुंज या अक्षरांकडे त्यांनी असे पाहिले, जसे ते दुसऱ्या कोणाचे नाव असावे.

दुसऱ्या दिवशी ते स्कूटर घेऊन वांबोरीकडे गेले. डोंगराच्या पायथ्याशी एका वस्तीवर चांगुणाबाई राहत. वाख काढणे आणि दोर वळणे हे त्यांच्या घरचे पिढ्यांचे काम. सरांना वाख त्यांच्याकडूनच येत असे. सरांना पाहून त्यांनी खाट अंगणात टाकली, पाणी दिले, आणि मास्तर एवढ्या उन्हाचं का आला म्हणून विचारले. सरांनी मुद्दाम सहजपणे विचारले की मागच्या खेपेचा वाख कसा काढला होता.

चांगुणाबाईंचा चेहरा उजळला. नेहमीचा वाख त्या सिमेंटच्या हौदात भिजत घालीत. पण ती जुडी त्यांनी वेगळ्या हाताने केली होती. घरात आजेसासूचा तांब्याचा हंडा होता, लग्नकार्यालाच निघणारा. त्याला आतून कल्हई करून घेतली. कल्हईवाला दारावर आला होता, कथलाचा भाव सांगून हसला होता, पण त्यांनी देऊ केलेल्या थोडक्या पैशांत करून गेला. मग चिंचेच्या कोळात वाख तीन दिवस त्या हंड्यात ठेवला, कारण चिंचेने तांब्यापितळेला तेज येते तसे वाखालाही येते.

"तुमीच म्हनला हुता न्हाई का," त्या म्हणाल्या, "अवंदा वाख पांढराफेक पायजे, मोठी मानसं बघायला येनार हायती. म्हनलं, मास्तरांचं पुन्याईचं काम. सिमिटाच्या हौदात कशाला, तांब्यातच घालू."

सर म्हणाले होते. जानेवारीत, याच अंगणात उभे राहून, त्यांनी असे सांगितले होते. शास्त्राला पांढरेपण लागत नाही. पांढरेपण त्यांना स्वतःला हवे होते.

त्यांनी हंडा पाहायला मागितला. चांगुणाबाईंनी तो आतून उचलून आणला, पदराने पुसला. आतली कल्हई चमकत होती. स्वस्त कल्हईत कथलाबरोबर शिसे मिसळतात आणि आंबटाशी गाठ पडली की ते सुटते, हे रसायनशास्त्राच्या शिक्षकाला कोणी सांगावे लागत नाही. सरांनी नखाने थोडी कल्हई खरवडून कागदात घेतली. पुढे ती यंत्रात धरली तेव्हा संशयाला जागा उरली नाही. पण त्यांना त्या अंगणातच सारे कळून चुकले होते.

"काई चुकलं का मास्तर माजं?" चांगुणाबाईंनी विचारले. हंड्याच्या काठावरचा त्यांचा हात थांबला होता.

तो एक क्षण असा होता की सरांना सुटण्याची वाट दिसली. वाख देणाऱ्या बाईने भांडे बदलले, आम्हाला कळवले नाही, असे एक वाक्य निबंधात घातले असते तर ते खोटेही ठरले नसते. ते वाक्य त्यांच्या मनात शब्द न शब्द तयार झाले, आणि आपल्या मनात ते किती सुबक तयार झाले हे पाहून त्यांना स्वतःची किळस आली.

"तुमचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "माझं चुकलं. या हंड्यात आता काही शिजवू नका, चांगुणाबाई. आणि आंबट तर मुळीच ठेवू नका."

त्यांनी कारण समजावून सांगितले. चांगुणाबाईंनी ऐकून घेतले, आणि हंडा पालथा घातला. निघताना त्यांनी सरांच्या हाती नवी जुडी ठेवली. तीही पांढरीशुभ्र होती. ती नको म्हणण्याचे धैर्य सरांना झाले नाही. ती त्यांनी स्कूटरच्या डिकीत ठेवली.

तिथून ते थेट देवळालीला गेले. वाटेत वाक्ये जुळवीत होते. प्रथम सांगायचे की रस शुद्ध होता, मग सांगायचे की चूक आपली होती, मग क्षमा मागायची. शेवटचे वळण आले आणि त्यांनी स्कूटर थांबवली, कारण चिंचेखाली जिथे चरक असायचा तिथे काही नव्हते. जमिनीत बैलाच्या फेऱ्यांनी पडलेली गोल वाट तेवढी होती.

कमरुद्दीनभाई घराच्या ओट्यावर बसले होते. सरांना पाहताच ते उठले, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि आत हाक मारून चहा ठेवायला सांगितले. त्यांची पत्नी सरवरी दारात येऊन उभी राहिली. सरांनी चरकाविषयी विचारले.

कमरुद्दीनभाई शांतपणे सांगू लागले. व्याख्यानाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी चरक बंद केला. लोक सकाळपासूनच फिरकले नव्हते हे खरे, पण त्यांनी त्यासाठी बंद केला नाही. जे विष आहे ते लोकांना कसे पाजायचे? लाटा मोडीत घातल्या, कोणी पुन्हा वापरू नयेत म्हणून मोडीवाल्याकडून समोरच फोडून घेतल्या. बैल श्रीगोंद्याला जावयाकडे पाठवला. मग त्यांनी नातीकडे बोट दाखवले. मेहरीन सात वर्षांची. ती ओट्याच्या कोपऱ्यात पाटीवर काहीतरी काढीत होती. ती रोज शाळेतून आल्यावर एक पेला रस प्यायची, गेली चार वर्षे. सरवरीने तिला नगरला नेऊन रक्त तपासून आणले होते.

"रक्तात काय न्हाई निघालं," सरवरी म्हणाल्या. "पर आमी इस्वास ठेवला न्हाई. त्यांचं मशीन साधं. तुमचं लई बारीक बघतं म्हनत्यात."

"सर, तुमचे उपकार हायत," कमरुद्दीनभाई म्हणाले. "लोक म्हनले, तुज्या दोस्तानं तुला बुडवलं. मी म्हनलं, दोस्त हाय म्हनून सांगितलं त्यानं. दुसरा असता तर गप बसला असता, माजी पोर तशीच पीत राहिली असती."

चहा आला. जुळवलेले एकही वाक्य ओठांवर येईना. मनुष्याने शिवी दिली असती तर उत्तर देता आले असते, डोके खाली घालता आले असते. हा मनुष्य हात जोडून बसला होता. सरांनी चहा संपवला, मुलीचे नाव विचारले, जे त्यांना ठाऊक होते, आणि ते उठले. कमरुद्दीनभाई त्यांना स्कूटरपर्यंत पोहोचवायला आले. एक मेच्या सत्काराला आपण नक्की येऊ, असे त्यांनी सांगितले.

सर राहुरी फॅक्टरीच्या चौकापर्यंत गेले. तिथे एका यांत्रिक रसवंतीवर गर्दी होती. त्यांनी स्कूटर उभी केली आणि तिच्याच आधाराने उभे राहिले. आपण आज न बोलता घरी गेलो तर उद्या बोलणार नाही, आणि एक मे रोजी गळ्यात हार घालून घेऊ, हे त्यांना आरशात पाहावे तसे स्पष्ट दिसले. माणूस स्वतःला इतक्या वर्षांनी असा दिसतो आणि ओळखू येतो, याहून मोठी लाज दुसरी नसावी. त्यांनी स्कूटर वळवली.

कमरुद्दीनभाई अजून ओट्यावरच होते. काही विसरलं का, असे त्यांनी विचारले. सरांनी पायातली चप्पल काढली, ओट्याच्या पायरीवर खाली बसले, आणि सांगितले. वाक्ये जुळवलेली नव्हती, क्रम सुटला होता. जुडी पांढरी होती हे आधी सांगितले, पाहुण्यांचे मग, कोऱ्या नळीचे शेवटी. चांगुणाबाईंचे नाव त्यांनी घेतले नाही. रस शुद्ध होता, चार वर्षे शुद्ध होता, तुझ्या वडिलांच्या काळीही शुद्ध होता, असे म्हणताना त्यांच्या तोंडून चाळीस वर्षांनी "तू" निघाले.

कमरुद्दीनभाईंनी प्रथम मेहरीनला जवळ बोलावले. तिचे तोंड दोन्ही हातांत धरून पाहिले. मग ते हसले; थोडे हसले आणि खांदे गदगदू लागले, आणि ते हसणे आहे की दुसरे काही ते सरांना कळेना. मुलगी घाबरून आजीकडे पळाली.

सरवरी मात्र हसल्या नाहीत. त्या दारातून बाहेर आल्या.

"दीड महिना मी या पोरीच्या नखांकडं बघत बसले," त्या म्हणाल्या. "निळी पडली का, पांढरी पडली का. मीच पाजत हुते की तिला, माज्या हातानं. मगाशी आला तवा का न्हाई सांगितलं?"

"लाज वाटली, भाभी."

"आन् आता?"

"आता जास्त वाटते."

सरवरींनी पदर डोक्यावर ओढला. त्यांचा आवाज चढला नव्हता. सर म्हणाले की उद्याच वर्तमानपत्राला पत्र देतो, महाविद्यालयातर्फे निवेदन काढतो. सरवरींनी मान हलवली. रस प्यायला येणारी माणसे निवेदने वाचत नाहीत, असे त्या म्हणाल्या. ऊसतोडीची, टेम्पोवाली, बाजाराला आलेली माणसे. त्यांनी एकमेकांच्या तोंडून ऐकले, तोंडूनच ऐकतील. तुम्ही माईकवरून बोललात, पुन्हा माईकवरूनच बोला. तेवढ्याने भागले नाही तर पुढे बघू.

एक मे रोजी सभागृह भरले होते. व्यासपीठावर शाल, श्रीफळ, मानपत्र. कमरुद्दीनभाई शेवटच्या रांगेत बसले होते. सरांनी सत्काराच्या आधी बोलण्याची परवानगी मागितली, आणि यावेळी त्यांनी नाव घेतले. कमरुद्दीन हुसेन शेख यांच्या चरकाच्या रसात शिसे कधीच नव्हते. ते माझ्या नळीत होते, आणि ते तिथे आहे की नाही हे पाहण्याची साधी चाचणी मी केली नाही, कारण मला पाहुण्यांपुढे नळ्या सुंदर दिसायला हव्या होत्या. एवढे बोलून ते थांबले.

मग अध्यक्षांनी माईक हाती घेतला आणि असा प्रामाणिकपणा आजच्या काळात दुर्मीळ आहे, खऱ्या शास्त्रज्ञाचे हेच लक्षण, असे ते म्हणाले. आणि टाळ्या सुरू झाल्या. फेब्रुवारीतल्या टाळ्यांहून त्या मोठ्या होत्या. अध्यक्षांनी शाल उलगडली.

सरांना वाटले की आपण तोंडावर काळे फासून घ्यायला आलो आणि लोकांनी त्याचाच टिळा केला. त्यांनी शालीला हात लावला नाही. टाळ्यांमधूनच त्यांनी शेवटच्या रांगेकडे पाहिले. कमरुद्दीनभाई उभे राहिले होते.

"सर, एक इचारा लोकांना," ते म्हणाले. त्यांच्यापुढे माईक नव्हता, तरी टाळ्या थांबल्यामुळे ऐकू आले. "मी पुन्ना चरक मांडला, तर पितील का म्हनावं."

सरांनी माईकवरून विचारले. जसेच्या तसे विचारले. कोणी हात वर केला नाही. पुढच्या रांगेतल्या आक्काबाई, ज्या वीस वर्षे त्या चरकावर रस पीत आल्या होत्या, त्या शेजारणीला म्हणाल्या, पण एवढ्या मोठ्याने की सर्वांनी ऐकावे, की पोराला इचारून सांगते, एकदा नाव निघालं की मनात राहतं बघा. काही जण हसले. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहून पुढचा कार्यक्रम पुकारला. सर व्यासपीठावरून उतरले आणि मागच्या भिंतीशी, कमरुद्दीनभाईंच्या शेजारी, कार्यक्रम संपेपर्यंत उभे राहिले.

बाहेर पडताना सरवरींनी त्यांना गाठले. तेवढ्याने भागले नाही, असे त्या म्हणाल्या. त्यांनी हाताच्या पाच बोटांनी रस्ता दाखवला. पाच रसवंत्या आहेत. उन्हाळा अजून दीड महिना आहे.

मे महिन्यात ज्यांनी त्या रस्त्याने प्रवास केला त्यांनी कदाचित पाहिले असेल. दुपारी बारा ते चार, एक साठीला टेकलेला गृहस्थ, पांढरा सदरा, पायात साधी चप्पल, कधी या रसवंतीच्या मांडवात तर कधी त्या. मालकांनी त्यांना हटकले नाही. स्वतःच्या रसाची निर्मळता सांगणाऱ्याला कोण हटकतो? पण ते त्या रसाविषयी बोलत नसत. पेला हाती घेतलेल्या माणसाजवळ जाऊन ते नमस्कार करीत आणि सांगत की चिंचेखालच्या बैलाच्या चरकाविषयी तुम्ही काही ऐकले असेल, तर ते खोटे आहे. बरेच जण मान डोलावून पेला संपवीत. काहींना वाटे की म्हातारा विकायला काहीतरी घेऊन आला आहे, ते आधीच हात हलवून नको म्हणत. एका स्त्रीने त्यांना नाणे देऊ केले. ते त्यांनी परत केले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितले. संध्याकाळी घरी परतल्यावर त्यांच्या पत्नी काही विचारीत नसत. एके दिवशी देवघराच्या कोनाड्यातली जुडी तिथे नसल्याचे सरांना दिसले.

चोवीस मेला ऊन फार होते. राहुरीकडच्या दुसऱ्या रसवंतीवर उसाने लादलेल्या ट्रॅक्टरचा चालक बसला होता, तरणा, डोक्याला उपरणे बांधलेला. सरांनी त्याला नमस्कार केला आणि आपले सांगणे सांगितले. तो ऐकत राहिला. त्याने ऐकले होते, तो म्हणाला. त्याच्या मावशीने सांगितले होते, त्या चरकाच्या रसाने माणसाला लकवा होतो म्हणून. मग त्याने पेला खाली ठेवला.

"तुमाला काय म्हाईत खोटं हाय म्हनून? तुमी कोन?"

सर थोडा वेळ थांबले. रोज हा प्रश्न कोणीतरी विचारी, आणि रोज उत्तर देण्यापूर्वी त्यांना असेच थांबावे लागे. सवय होईल असे त्यांना वाटले होते, ती झाली नव्हती.

"ज्याने ते सांगितलं तो मास्तर," ते म्हणाले. "श्रीमंत वाळुंज. माझीच चूक होती."

चालकाने त्यांच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिले. उपरण्याने तोंड पुसले. "बरं," तो म्हणाला, आणि ट्रॅक्टरकडे गेला. मांडवात आणखी दोघे जण येऊन बसले होते. सर त्यांच्याकडे वळले.